चढ, गिअर आणि डिझेलचा हिशेब



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून वसंत ऋतूत चार शहाणी माणसे बोलवायची आणि त्यांचे ऐकायचे, ही प्रथा महाराष्ट्रात गावोगाव गेली. शहाण्यांच्या त्या यादीत माझे नाव कसे आले, हे चालकांनाच ठाऊक. मी इंजिनियर नव्हे. शाळा सातवीत सुटली. क्लीनर म्हणून ट्रकवर चढलो, पुढे ड्रायव्हर झालो, आणि गेली पुष्कळ वर्षे ड्रायव्हर-क्लीनरांच्या संघटनेचे काम करतो. जे शिकलो ते गाडीखाली निजून आणि रात्री पुस्तके उघडून. तेव्हा मी बोलणार तेही गाडीखालचेच आहे.

पत्रिकेवर विषय वाचून काहींनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलला किती दात असावेत, हा मिस्त्रीचा विषय. तो व्यासपीठावर कशाला? माझे उत्तर असे की, देवळी हे रस्त्यावरचे गाव आहे. नागपूरहून वर्धा, यवतमाळ, नांदेड करीत तुळजापूरकडे जाणारा महामार्ग आपल्या दारावरून जातो. कापसाच्या गाठी, सिमेंट, लोखंड, कोळसा, सारे या रस्त्याने जाते. इथल्या किती घरांतली माणसे गाडीवर आहेत, हे आपणांस सांगायला नको. त्या माणसांच्या पगाराचा आणि कधीकधी प्राणांचाही संबंध या दातांशी आहे. तो कसा, तेवढेच आज दाखवायचे आहे.

प्रथम मूळ गोष्ट. जड धोंडा हलवायचा असला तर आपण पहार घेतो. पहारीचा लांब दांडा हातभर खाली गेला, तर धोंडा बोटभर वर येतो. हातभर हालचाल दिली आणि तिच्या बदल्यात जोर मिळवला. कष्ट तेवढेच राहिले. फक्त त्यांचे रूप बदलले. गिअर म्हणजे हाच व्यवहार, फिरत्या चाकांनी केलेला. लहान दंतचक्राने मोठे दंतचक्र फिरवले की फेऱ्या कमी होतात आणि जोर वाढतो. मोठ्याने लहान फिरवले की फेऱ्या वाढतात आणि जोर घटतो. सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हे पायांनी कळलेले असते. ज्या सायकलला सपाटीवर वेग येतो, तीच चढावर उतरून ढकलावी लागते.

याचे उत्तम उदाहरण वर्धा जंक्शनवर उभे राहून पाहता येते. मालगाड्या ओढणारे डब्ल्यूएजी-९ नावाचे विजेचे इंजिन आणि प्रवासी गाड्या ओढणारे डब्ल्यूएपी-७, ही दोन्ही एकाच कुळीची. दुसरे पहिल्यावरूनच बनवलेले आहे. मुख्य फरक दातांचा. मालाच्या इंजिनात १५ दातांचे चक्र ७७ दातांच्या चक्राला फिरवते. प्रवासी इंजिनात २० दातांचे ७२ दातांच्या चक्राला. पहिल्यात मोटारीच्या पाचाहून थोड्या अधिक फेऱ्यांना चाकाची एक फेरी, दुसऱ्यात ३.६ फेऱ्यांना एक. एवढ्याने पहिले ताशी १०० किलोमीटरपर्यंतचे आणि ओढायला जबर झाले. दुसरे १४० पर्यंत धावणारे झाले. रेल्वेने कोणते इंजिन कोणत्या कामाचे हे आधी ठरवले आणि मग दात ठरवले. मालमोटारीच्या धंद्यात मात्र पुष्कळदा गाडी आधी घेतात आणि काम मागून शोधतात.

आता ट्रककडे येऊ. इंजिनाचा जोर चाकापर्यंत जाताना दोन ठिकाणी बदलतो. पहिले ठिकाण गिअरबॉक्स. तिथला बदल ड्रायव्हरच्या हातात असतो. चढ आला, गिअर खाली घेतला. दुसरे ठिकाण मागचा अ‍ॅक्सल. तिथे पिनियन हे लहान चक्र क्राऊन या मोठ्या चक्राला फिरवते. हा बदल कायमचा असतो. गाडी कारखान्यातून निघताना जे दात बसले, तेच तिच्या कपाळी. हौजिंग खोलून जोडी बदलल्याखेरीज त्यात फरक होत नाही. म्हणून गिअरचा दांडा ड्रायव्हरचा, पण अ‍ॅक्सलचे दात मालकाचे. हा भेद मनात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडेल.

दुकानात ही जोडी दातांच्या आकड्यांवरून मागतात. तीन जोड्या उदाहरणाला घेऊ. ६ आणि ४१ दातांची जोडी, म्हणजे प्रमाण ६.८३. ७ आणि ४१ ची, म्हणजे ५.८६. आणि ९ व ३७ ची, म्हणजे ४.११. मोठ्या ट्रकचे चाक एका फेरीत सुमारे ३.२ मीटर जाते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ३१२ फेऱ्या. टॉप गिअरमध्ये इंजिनाची आणि शाफ्टची फेरी सारखी आहे असे धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला इंजिनाने मिनिटाला किती फिरावे लागेल? ६.८३ ला २,१३५ फेऱ्या, ५.८६ ला १,८३०, आणि ४.११ ला अवघ्या १,२८५. ताशी ८० चा वेग घेतला, तर हेच आकडे सुमारे २,८५०, २,४४० आणि १,७१० होतात.

फेरी कमी म्हणजे इंजिनाच्या आतली घासाघीस कमी, आणि डिझेल कमी. मग सर्वांनीच ४.११ का घेऊ नये? जुन्या काळी ते शक्यच नव्हते. १९५४ साली जमशेदपूरला टाटांनी जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला सुरुवात केली, १९५५ साली मद्रासच्या अशोक मोटर्सचे अशोक लेलँड झाले, आणि आपल्या रस्त्यांवर देशी बांधणीचे डिझेल ट्रक आले. त्या इंजिनांचा जोर आजच्या मानाने बेताचा आणि रस्ते अरुंद व उखडलेले. जोराची तूट अ‍ॅक्सलच्या मोठ्या आकड्याने भरून काढावी लागे, आणि ताशी साठाच्या वर जायचे कोणाला होते? आजच्या मोठ्या इंजिनांना हवा कोंबून भरणारा टर्बो असतो, आणि त्यांचा भरपूर जोर बाराशे-पंधराशे फेऱ्यांतच हाती येतो. म्हणून अ‍ॅक्सलचा आकडा खाली आणणे शक्य झाले. पण शक्य झाले म्हणजे सर्व ठिकाणी शहाणपणाचे झाले, असे नव्हे.

एक हिशेब मांडू. तीन अ‍ॅक्सलचा ट्रक मालासकट २८.५ टन वजनाचा. वीस मीटर गेल्यावर एक मीटर चढणारा रस्ता. चढ त्याला वजनाच्या विसाव्या हिश्शाने, म्हणजे १,४२५ किलोने मागे ओढतो. टायरचा विरोध टनाला दहा किलो धरला तर आणखी २८५. एकूण १,७१० किलोची ओढ चाकांनी लावली पाहिजे. चाकाची त्रिज्या अर्धा मीटर, म्हणून अ‍ॅक्सलपाशी ८५५ किलोग्रॅम-मीटर इतका पीळ लागतो. इंजिनाचा पीळ ८० धरू, आणि दहावा हिस्सा वाटेत जातो असे मानू, उरले ७२. म्हणजे पीळ बारा पट करायला हवा. अ‍ॅक्सल ५.८६ चा असेल तर गिअरबॉक्सने दोन पट केले की पुरे. अ‍ॅक्सल ४.११ चा असेल तर जवळजवळ तीन पट करायला हवे, म्हणजे ड्रायव्हरने आणखी खालचा गिअर घ्यायला हवा.

यात एक गंमत लक्षात घ्या. दोन्ही गाड्यांत एकूण प्रमाण बारा झाले, तर दोन्ही त्या चढावर सारख्याच वेगाने जातील. इंजिन पंधराशे फेऱ्यांवर असेल तर ताशी २४ किलोमीटर. दात बदलल्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. ताकद ठरलेली आहे. दात तिला फक्त वाट करून देतात. म्हणून ‘मोठा आकडा घेतला की गाडी घाटात पळते’ असे जे धाब्यावर सांगतात, ते अर्धेच खरे. आणि ‘लहान आकडा घेतला की डिझेल वाचते’ असे जे दुकानात सांगतात, तेही अर्धेच खरे. पूर्ण खरे एवढेच की, गाडीचा बहुतेक वेळ ज्या रस्त्यावर आणि ज्या वजनाखाली जातो, तिथे इंजिन आपल्या सोईच्या फेऱ्यांत राहिले पाहिजे आणि ड्रायव्हरचा हात सारखा दांड्यावर जाता कामा नये.

खरी परीक्षा मात्र चालण्याची नाही, उभी गाडी उचलण्याची आहे. तोच २८.५ टनांचा ट्रक दहास एक चढावर थांबला. घाटातल्या वळणावर किंवा खाणीतून वर येणाऱ्या वाटेवर असा चढ भेटतो. आता लागणारी ओढ ३,१३५ किलो. क्लच सोडताना इंजिन कमी फेऱ्यांवर असते, म्हणून पीळ ६० धरू, वाट्याला ५४. एकूण प्रमाण २९ लागते. अ‍ॅक्सल ५.८६ चा असेल तर पहिला गिअर पाच पटीचा पुरतो. ४.११ चा असेल तर पहिला गिअर सात पटीचा पाहिजे. गिअरबॉक्समध्ये तो असेल तर प्रश्न नाही. नसेल तर ड्रायव्हर क्लच अर्धवट दाबून गाडी उचलतो, प्लेट घसरते, जळते आणि वास सुटतो.

आता याच गाडीत चाळीस टन भरा. ओढ ४,४०० किलोवर गेली, आणि ४.११ च्या अ‍ॅक्सलला पहिला गिअर जवळजवळ दहा पटीचा हवा. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये वजनाची मर्यादा वाढवून तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकला २५ टनांवरून २८.५ टन आणि दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला १६.२ वरून १८.५ टन दिले. कारखानदार दात निवडतो तो कायद्यातले वजन धरून. त्यावरचे साडेअकरा टन ओढायला त्याने एकही दात दिलेला नाही. मग ते कोण ओढते? क्लचप्लेट ओढते, क्राऊन ओढतो, आणि शेवटी ड्रायव्हर ओढतो, कारण प्लेट जळाली की ‘तुला चालवता येत नाही’ म्हणून तिचे पैसे त्याच्या पगारातून कापले जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड मोटार वाहन कायद्यात आहे. पण रस्त्यावर कुठेही कोणी न अडवता गाडी पोचली, तरी हा दुसरा दंड चुकत नाही, आणि तो भरतो ज्याने माल भरला नाही तो.

तेव्हा गाडी घेताना काय पाहावे? मी मालकांना नेहमी चार प्रश्न विचारायला सांगतो. गाडी वर्षातले किती दिवस सपाटीवर आणि किती दिवस घाटात जाणार? मालासकट तिचे खरे वजन किती असणार? परतीला रिकामी येणार की भरलेली? आणि तिला मोकळ्या रस्त्यावर कोणता वेग ठेवायचा आहे? नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर जड वाहनांना ताशी ८० ची मर्यादा आहे. जून २०२५ मध्ये तो ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला आणि इगतपुरीच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाट टळला. ज्याची गाडी जन्मभर त्याच रस्त्याने कायद्यातले वजन घेऊन जाणार, त्याने लहान आकड्याचा अ‍ॅक्सल घ्यावा. सहाच्या वरचा आकडा त्याचे डिझेल विनाकारण जाळील. पण जी गाडी खाणीतून, कच्च्या वाटेने, थांबत-उचलत कोळसा किंवा गिट्टी आणणार, तिला मोठा आकडाच हवा. आणि दोन्ही कामे करायची असतील तर पैसे अ‍ॅक्सलवर न घालता अधिक पायऱ्यांच्या गिअरबॉक्सवर घालावेत. खालची पायरी उचलायला पुरेल आणि वरची सपाटीला पुरेल, असा गिअरबॉक्स असला की मधला अ‍ॅक्सल दोन्हीकडे चालतो.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभा राहिलो, ती गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक ड्रायव्हर आला. नाव त्याचेही सांगत नाही, मालकाचेही नाही. त्याच्यावर डिझेल विकल्याचा आळ होता. गाडी लिटरला चार किलोमीटर देते असा मालकाचा हिशेब, आणि गेले तीन महिने ती साडेतीनसुद्धा देत नव्हती. दर खेपेला पैसे कापले जात. माणूस गावात मान खाली घालून फिरत होता. बायकोही विचारू लागली होती की, पैसे जातात तरी कुठे?

आम्ही गाडी सपाट जागेवर घेतली. मागच्या टायरवर खडूने खूण केली, एक खूण शाफ्टवर केली, आणि चौघांनी गाडी सरळ पुढे ढकलली. चाकाची एक फेरी होईपर्यंत शाफ्टच्या फेऱ्या मोजल्या. सातला थोड्या कमी यायला हव्या होत्या. सहाला थोड्या कमी आल्या. म्हणजे ६-४१ ची जोडी काढून कोणीतरी ७-४१ ची बसवली होती. क्राऊन तुटला होता तेव्हा दुकानात मिळाली ती जोडी घातली गेली, असे मागून कळले.

आता याचा डिझेलशी काय संबंध? असा की किलोमीटरचा काटा चाकाला जोडलेला नसतो. तो गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टच्या फेऱ्या मोजतो. जुन्या जोडीत किलोमीटरला शाफ्टच्या २,१३५ फेऱ्या होत, आणि काटा त्याच हिशेबाने बांधलेला होता. नव्या जोडीत १,८३० च होतात. काट्याला हे कोणी सांगितले नाही. गाडी खरोखर १,००० किलोमीटर गेली की काटा ८५७ दाखवी. चाराच्या हिशेबाने डिझेल लागले २५० लिटर, आणि ८५७ ला मालकाच्या वहीप्रमाणे लागायला हवे होते २१४. मधले ३६ लिटर ड्रायव्हरने विकले, असे ठरले होते! एकही थेंब कुठे गेला नव्हता. आम्ही मैलाचे दगड धरून गाडी पन्नास किलोमीटर चालवून दाखवली, काट्याने त्रेचाळीस दाखवले, आणि मालकाने कापलेले पैसे परत दिले. तो मालक दुष्ट नव्हता. त्याला दातांचा आकडा ठाऊक नव्हता, इतकेच. पण त्याच्या अज्ञानाची किंमत तीन महिने दुसराच माणूस भरत होता. नव्या गाड्यांत तारेऐवजी विजेचा काटा असतो, पण तोही बहुधा शाफ्टच्याच फेऱ्या मोजतो. जोडी बदलली की त्यालाही नवा आकडा शिकवावा लागतो. मोठ्या किंवा लहान मापाचे टायर चढवले तरी हाच घोटाळा होतो.

शेवटची गोष्ट उताराची. लिटरचा हिशेब मानेवर बसला की काही ड्रायव्हर घाट उतरताना गाडी न्यूट्रल करतात. मी तरुण पोरांना हात जोडून सांगतो की, यात डिझेल वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना आणि पाय अ‍ॅक्सलेटरवरून काढलेला असताना, चाकेच इंजिनाला फिरवतात आणि पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल द्यावेच लागते. वाचत काही नाही, आणि जाते काय ते पाहा. २८.५ टनांची गाडी तीनशे मीटर उंची वीसास एक उताराने उतरली, तर टायरचा विरोध वजा जाता जी उष्णता उरते तिने सव्वादोनशे लिटर पाणी उकळेल. गिअरमध्ये गाडी असली तर त्यातला मोठा भाग इंजिन घेते. न्यूट्रलमध्ये तो सगळा ब्रेकच्या ड्रमांवर येतो. ड्रम तापून फुगतात, लायनरची पकड जाते, आणि पाय दाबून काही उपयोग होत नाही. दुसऱ्या दिवशी छापून येते की ब्रेक निकामी झाले. ब्रेक निकामी झाले नव्हते, त्यांच्यावर इंजिनाचेही काम टाकले होते. ज्या गिअरने चढावे लागते त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आहे. लहान आकड्याच्या नव्या अ‍ॅक्सलवर त्याहूनही एक पायरी खाली राहावे, कारण त्या अ‍ॅक्सलमध्ये इंजिनाची रोखण्याची ताकदही तितकीच कमी पोचते.

मालकवर्गातलेही काहीजण इथे बसलेले आहेत, म्हणून आमच्या मागण्या स्वच्छ शब्दांत सांगतो. पहिली, प्रत्येक गाडीच्या कागदांबरोबर अ‍ॅक्सलच्या दातांचा आकडा, टायरचे माप आणि काट्याची तपासणी लिहिलेली असावी, आणि जोडी बदलली की त्याच दिवशी ते दुरुस्त व्हावे. दुसरी, डिझेलचा दर ठरवताना घाटाचा रस्ता आणि सपाट रस्ता, भरली गाडी आणि रिकामी गाडी यांचे वेगळे आकडे असावेत; एकच आकडा सर्व खेपांना लावणे म्हणजे सातारा आणि देवळी एकाच सपाटीवर आहेत असे म्हणणे. तिसरी, नुकसानीपोटी पगार कापण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यापासून मान्य आहे. ते डिझेल आणि क्लचप्लेट यांनाही लागू समजावे. यातल्या एकाही मागणीला मालकाची तिजोरी उघडावी लागत नाही.

आणि माझ्या ड्रायव्हर भावांनो, तुम्हांलाही एक काम आहे. उद्या सकाळी गाडी काढण्यापूर्वी खडू घ्या, टायरवर आणि शाफ्टवर खूण करा, क्लीनरला घेऊन फेऱ्या मोजा, आणि आलेला आकडा आपल्या वहीत लिहून ठेवा. पाच मिनिटांचे काम आहे. पुढच्या खेपेला डिझेलचा हिशेब सुरू झाला, की ती वही टेबलावर ठेवा आणि मग बोला.